शेजाऱ्याचा शब्द

अमरावतीहून अकोल्यास कसें जावें याविषयीं आमच्या घरांत दोन पक्ष आहेत. एक बडनेऱ्यास आगगाडींत बसून मूर्तिजापुरावरून जाणारा. दुसऱ्याची निष्ठा सडकेवर. २०२२ च्या जूनमध्यें याच दोन शहरांमधील महामार्गावर ७५ किलोमीटरांचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत घालून जागतिक विक्रम झाला, तेव्हांपासून तर तो पक्ष गाडीचें नांवहि काढूं देत नाहीं. दोघेहि आपली वाट 'जवळची' म्हणतात. जवळची वेळानें, खर्चानें, कीं दगदगीनें, हें कोणीच सांगत नाहीं.

इंटरनेटच्या नाक्यानाक्यावर बसलेल्या राउटर नामक यंत्रास हाच वाद क्षणोक्षणीं मिटवावा लागतो. दूरचा मुलूख त्यानें पाहिलेला नसतो. शेजारचे राउटर सांगतील त्यावर त्याची भिस्त. एक शेजारी म्हणाला, 'वऱ्हाडचें टपाल मजकडे द्या', व दुसरा म्हणाला, 'अकोल्याच्या जुन्या शहराचें मजकडे', तर जुन्या शहराचें टपाल दुसऱ्याकडेच जातें, मग त्याची वाट कितीहि लांब असो. दोघेहि सारखाच नेमका पत्ता सांगूं लागले, तर कोणाचा शब्द अधिक विश्वासाचा हें पाहावयाचें. अंतराची पाळी त्यानंतर. तेंहि कोणी नुसत्या टप्प्यांनीं मोजतो, कोणी मार्गाच्या रुंदीनें. बड्या कंपन्यांच्या जाळ्यांमध्यें तर अंतराआधीं देण्याघेण्याचे करार बोलतात. त्यामुळें एकाच देशांतील दोन घरांमधला मजकूर परदेशाची वारी करून येण्याचा प्रकार घडे. हा द्राविडी प्राणायाम कमी करण्यासाठीं २००३ सालीं आपल्याकडे नॅशनल इंटरनेट एक्सचेंज स्थापन झालें.

आम्हांस खटकतो तो पहिला नियम. नेमकें बोलणारा खरेंच बोलतो, हें कोणी ठरविलें? २४ फेब्रुवारी २००८ रोजीं सरकारी हुकुमावरून पाकिस्तानांत यूट्यूब बंद करावयाचें होतें. तेथील टेलिकॉम कंपनीनें यूट्यूबचा एक नेमका पत्ता आपल्याकडे असल्याचें देशापुरतें पुकारलें. ती हांक बाहेर फुटली, आणि जगभरचें टपाल तिकडे वळून सुमारें दोन तास गडप होत राहिलें. यूट्यूबनें योजलेला उताराहि त्याच जातीचा: त्याहूनहि नेमका पत्ता पुकारणें! अलीकडे अशा पुकाऱ्याबरोबर सहीशिक्क्याचा दाखला ताडून पाहण्याची पद्धत पडत आहे. त्यावरून घर कोणाचें तें कळतें. मधल्या वाटेविषयीं मात्र बहुतेक ठिकाणीं अजून शेजाऱ्याचाच शब्द चालतो.