उरलेलं वाद्य

नॅशव्हिलच्या कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये बिल मन्रोचं मँडोलिन बघितलं आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला म्हटलं, गाडी काढ, याचं गाव बघून येऊ. उत्तरेला दोनेक तासांवर, केंटकीत, रोझीन. गाव कसलं, वस्तीच. पण नाव पडलंय एका कवयित्रीच्या टोपणनावावरून! आपल्याकडे कवींना टोपणनावं उदंड. त्यातल्या एखाद्याचं गाव झाल्याचं ऐकिवात नाही.

बिलचा जन्म १९११ चा. आठ भावंडांत शेंडेफळ, तिरळा, नजर अधू. परकं माणूस आलं की कोठारात लपायचा. घरात वाद्यांची वाटणी झाली तेव्हा फिडल आणि गिटार थोरल्यांनी घेतलं, याच्या वाट्याला उरलेलं मँडोलिन. वर तंबी, आठातल्या चारच तारा ठेव, फार आवाज नको.

जेरुसलेम रिजवरचं मन्रोंचं लाकडी घर डागडुजी करून जपलंय. बिल दहा वर्षांचा असताना आई गेली, सोळाव्या वर्षी वडील. मग तो राहिला पेन व्हँडिव्हर या मामाकडे. मामा नाचाच्या बैठकींत फिडल वाजवी, भाचा साथीला. आर्नल्ड शुल्ट्झ या कृष्णवर्णीय खाणकामगाराच्या मागेही तो गिटार घेऊन बसे. ब्लूजचं अंग तिथून आलं. ही उधारी बिल पुढे मोकळेपणी सांगायचा.

१९३९ मध्ये तो ग्रँड ओल ऑप्री या रेडिओ कार्यक्रमात पोचला. त्याच्या 'ब्लू ग्रास बॉइज'वरून पुढे अख्ख्या संगीतप्रकाराला ब्लूग्रास म्हणू लागले. ताफ्यात ड्रम नाही. तालाची जबाबदारी त्याच उरलेल्या वाद्यावर: उजव्या हाताचा फटकारा आणि डाव्या हातानं लगेच सैल सोडलेल्या तारा, आवाज उमटतो न उमटतो तोच तोडलेला. मँडोलिन म्हटलं की आपल्याला सज्जाद हुसेनांची मींड आठवते. इथे तेच वाद्य टिपरीसारखं वाजतं.

हॉल ऑफ फेममधलं काचेआडचं मँडोलिन १९२३ चं. चाळिशीच्या दशकात फ्लोरिडातल्या एका न्हाव्याच्या दुकानातून १५० डॉलरला घेतलेलं. १९८५ मध्ये कुणीतरी घरात घुसून त्याच्या चिरफळ्या केल्या. कारागिरांनी तुकडान् तुकडा जोडला, आणि बिल पुन्हा तेच वाजवू लागला.

संध्याकाळी गावच्या दफनभूमीत गेलो. १९९६ मध्ये गेलेल्या बिलचा उंच दगड लांबूनच दिसतो. पेनमामा इथेच आहे. त्याच्या थडग्यावर दगड बसवला तो भाच्यानं, १९७३ मध्ये. मामावर गाणं तर त्याआधीच केलं होतं. मी वाकून अक्षरं लावत होतो. मागून हाक आली, "मामा, चला, अंधार पडतोय."