दोष कोणाचा?

आमच्या परसात एके काळी गिनी कोंबड्यांची जोडी होती. करड्या अंगावर पांढरे ठिपके, डोक्यावर शिंगासारखा टोप. वाटेवर अनोळखी माणूस दिसला की दोघं मिळून अख्खा वाडा डोक्यावर घ्यायची. नराचा आवाज एकसुरी, मादीचा दोन तुकड्यांचा. त्यावरूनच नर कोण, मादी कोण ते आम्हाला कळायचं.

पावसाळ्यातली अंडी काकी गावठी कोंबडीखाली ठेवायची. सव्वीस ते अठ्ठावीस दिवसांत पिल्लं बाहेर पडायची. एका वर्षी दिवाळी उलटली तरी मादी अधूनमधून अंडी घालत राहिली. काकीने नऊ अंडी उबवायला ठेवली. आठव्या रात्री ती बॅटरीच्या उजेडात धरून पाहिली, तर एकातही शिरांचं जाळं नाही.

"मादी वांझ झाली. रविवारी कापून टाका," आजी म्हणाली.

काकी काहीच बोलली नाही. तिच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती आणि पाळणा हलला नव्हता. तो शब्द तिला नवा नव्हता.

दोन दिवसांनी गाईला बघायला गुरांचे डॉक्टर आले. काकीनेच विषय काढला. डॉक्टर म्हणाले, "अहो वहिनी, ती अंडी घालतेय ना? मग नराचा मोसम संपला असेल."

मोसम? नराला?

पुढे मी त्याबद्दल वाचत गेलो. पक्ष्यांची वृषणं पोटात, मूत्रपिंडांजवळ असतात आणि ती वर्षभर सारखी नसतात. दिवस मोठा होऊ लागला की उजेड कवटीतून थेट मेंदूपर्यंत पोचतो, संप्रेरकं सुटतात, वृषणं कित्येक पटींनी वाढतात. मोसम सरला की ती आक्रसतात आणि वीर्य आटतं. विल्यम रोवन यांनी 1920च्या दशकात कॅनडाच्या कडाक्याच्या थंडीत चिमणीएवढ्या जंको पक्ष्यांना दिव्यांच्या उजेडात ठेवलं, तर ऐन हिवाळ्यात त्यांची वृषणं वाढली! गिनी कोंबडी मूळची आफ्रिकेची. तिथल्या गवताळ प्रदेशात तिचा विणीचा हंगाम पावसाशी बांधलेला असतो. आपल्या गोव्यात जूनचा दिवस जवळजवळ तेरा तासांचा, डिसेंबरचा सव्वाअकरा. फरक आपल्याला जाणवत नाही, पाखराला जाणवतो.

त्या रात्री जेवताना काकी आजीला म्हणाली, "डॉक्टर म्हणाले, आधी नराला बघावं."

काकांनी ताटातून मान वर केली नाही.

मादी वाचली. पुढच्या पावसाळ्यात त्याच जोडीची सात पिल्लं परसात धावत होती. काकी मात्र त्याआधी तीनदा तपासणीला जाऊन आली होती आणि नंतरही गेली. काका एकदाही गेले नाहीत.

असो. पाखरांचा मोसम निदान परत येतो.