जुन्या सायकलीची पारख

घोड्याचें वय दांतांवरून कळतें. जुन्या सायकलीचें कशावरून ओळखावें, असें पुण्यांतले स्नेही मला वारंवार विचारतात. बहुतेकांची समजूत अशी कीं, हँडलखालचा बिल्ला वाचतां आला म्हणजे झालें. ‘रॅले’ हीं दोन अक्षरें दिसलीं कीं त्यांचा हात खिशाकडे जातो!

बिल्ल्यासारखा बेभरंवशाचा साक्षीदार नाहीं. तो दोन खिळ्यांनीं बसतो आणि तितक्याच सहज निघतो. स्टर्मी-आर्चरच्या तीन गतींच्या हबांवर पुष्कळदां सालाचे दोन आंकडे ठोकलेले असतात खरे. पण चाक बदलणें हें घटकाभराचें काम, तेव्हां त्यांवरून चाकाचें वय ठरतें, सायकलीचें नव्हे. त्यापेक्षां फ्रेम आणि चिमटा बोलके. हंबरच्या पुढच्या चिमट्याला दोहों अंगांना दुहेरी नळ्या असत. १९३२ सालीं रॅलेनें ती कंपनी घेतल्यावरही ही खूण टिकून राहिली.

विक्रेते रंगाची फार स्तुति करतात. नव्या रंगाला मी भितों. उडालेला, पण मूळचा रंग कांहींच लपवीत नाहीं. वरची व खालची नळी जेथें हँडलखालच्या नळीला मिळते, तेथें खालच्या अंगानें बोट फिरवावें. सुरकुतीसारखा उंचवटा लागला, तर ती सायकल केव्हां तरी समोरून आदळलेली आहे असें समजावें आणि नमस्कार करून निघावें. आणखी एक. पायडलांचा आंस ज्यांत फिरतो त्या वाट्यांचे आटे इतर इंग्रजी सायकलींत इंचाला २४, तर रॅलेंत २६. त्या झिजल्या असतील, तर बाजारांतल्या नेहमींच्या वाट्या बसत नाहींत. किंमत ठरवितांना हें मनांत धरावें. टायरची मात्र काळजी नको. २८ गुणिले १½ इंची टायर आपल्याकडे अजून मिळतो.

गेल्या पावसाळ्यांत सदाशिव पेठेंतल्या एका वाड्यांत जिन्याखालीं अशी एक हंबर पाहिली. चिमटा सरळ, रंग मूळचा, हब तीन गतींचा. कातडी बैठकीला डावीकडे खोल खळगा पडला होता. आजोबा त्या बाजूला कलून बसत असावेत.

“भंगारवाला चारशें म्हणतो,” आजी म्हणाल्या. “तुम्ही पांचशें द्या आणि न्या.”

पांचशें रुपये माझ्या खिशांत होते. वाड्यांत दुसरें कोणी नव्हतें.

“आजी, मी आठ हजार देईन,” मीं म्हटलें.

त्यांनीं माझ्याकडे संशयानें पाहिलें. मग सायकलीकडे, बराच वेळ.

“इतकी मोलाची आहे होय? मग राहूं दे. नातू नाशिकला शिकतो, त्याला होईल.”

मी हिरमुसलों, हें कशाला लपवूं? आजींनीं चहा ठेवला. तो होईपर्यंत मीं हबच्या भोकांतून तेलाचे चार थेंब सोडले आणि चाक फिरवून पाहिलें. आवाज अगदीं बरोबर येत होता.