बंड्याचा अन्नत्याग

पुण्यातल्या घरात पाल दिसली की मी आधी केरसुणी शोधतो. अमेरिकेत, एडिसनला मुलाकडे गेलो, तर नातीनं तिची थोरली बहीणच पाळलेली! ऑस्ट्रेलियातला हातभर लांब, दाढीवाला सरडा. नाव बंड्या. खायला जिवंत रातकिडे.

आम्ही पोचलो आणि आठवड्याभरात बंड्यानं खाणं सोडलं. नात रडकुंडीला आली. आमच्या हिनं मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढली. मुलानं त्याला कोमट पाण्यात बसवलं. रातकिडे निर्धास्तपणे त्याच्या पाठीवर फिरू लागले. शेवटी डॉक्टर गाठला. त्याचा पहिलाच प्रश्न : "दिवा किती तास असतो?" या प्राण्याला म्हणे दिवसभर दिव्याखाली चाळीसेक अंशांची ऊब लागते. अंग तापलं नाही तर खाल्लेलं पचत नाही, मग तो खातच नाही.

मी छताकडे पाहू लागलो. भरदुपारी रिकाम्या खोलीत दिवा जळतोय म्हणून मीच तो रोज मालवत होतो! बिल मुलाचं असलं म्हणून काय झालं?

"आजोबा, तू?" नात एवढंच म्हणाली.

तीन दिवस मी त्या दिव्यापुढं खुर्ची टाकून बसलो. तिसऱ्या दुपारी बंड्यानं रातकिडा मटकावला. नात आता माझ्याशी बोलते. बटणावर मात्र तिनं चिकटपट्टी लावली आहे.