तांबडी चांदणी

पुणे, रविवार

चि. छकुलीस,


दादानं तुला माझ्या लॉगबुकातल्या एका पानाचा फोटो पाठवला आणि तुझा लगेच प्रश्न आला. तीन उड्डाणं मिळून अकरा मिनिटं, आणि त्या तारखेपुढे तांबड्या पेन्सिलीची चांदणी? त्याच पानावर खाली तासाभराचं उड्डाण आहे, त्याच्यापुढे काहीच नाही! शिवाय तुझ्या ग्लायडिंगच्या मैदानावर, लॅशमला, शनिवारी दिवसभर ढग होते, तिथं सात तास काढून तुला चार मिनिटं मिळाली, म्हणून आता ऊन पडेपर्यंत जायचं नाही असंही तू ठरवलं आहेस. या दोन्हींचं उत्तर एकच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तो मृगातला पहिला रविवार होता. हडपसरला सासवड रस्त्यावरच्या ग्लायडिंगच्या मैदानात आम्ही सकाळी सातला जमलो, तेव्हा दिवे घाटाकडचे डोंगर अर्धे झाकलेले होते. एरवी दहा वाजले की डोक्यावर घारी घिरट्या घालायला लागायच्या. घारी फिरताहेत म्हणजे तिथं गरम हवा वर चढते आहे, आपल्यालाही ती उचलणार, हे आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. त्या दिवशी त्या बाभळीवर बसून होत्या. ढगांनी जमीन तापूच दिली नव्हती. जमिनीवरच्या विंचनं केबलनं ओढून हजार फुटांवर सोडलं, की सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगानं खाली यायचं, म्हणजे पाच मिनिटांत खेळ संपला. निम्मी मुलं चहा घेऊन घरी गेली.

आमचे प्रशिक्षक मात्र खुशीत होते. आमचं ग्लायडर होतं ‘रोहिणी’. नागरी विमान वाहतूक खात्यानं आपल्याकडेच आखलेली ही ग्लायडरं, आणि नावं बहुतेक नक्षत्रांवरून: अश्विनी, भरणी, कार्तिक, रोहिणी, मृगशीर, आर्द्रा. रोहिणी पहिल्यांदा उडाली १९६१ मध्ये. तुझे पणजोबा ज्या नक्षत्रांवर पेरणीचा हिशेब बांधायचे, त्यांचीच नावं या लाकडी पंखांना मिळाली याचं मला आजही अप्रूप वाटतं. रोहिणीत शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी बसायचे. त्यामुळे प्रशिक्षकांचा हात सतत दिसायचा, आणि तो कधी हलत नाही हेही दिसायचं.

पहिली दोन उड्डाणं साधी झाली. पाच मिनिटं आणि चार मिनिटं. वर थांबायची सोय नाही म्हटल्यावर नजर आपोआप मैदानावर राहते. डाउनविंडला, म्हणजे उतरण्याआधी वाऱ्याच्या दिशेनं मैदानाला समांतर जाताना, किती उंचीवर आहोत, वारा किती ढकलतोय, वळायचं कुठं, हे सगळं एकदाच आणि वेळेवर ठरवावं लागतं. चांगल्या उन्हात तासभर तरंगणाऱ्याला उतरण्याचा सराव एकदाच होतो, मला त्या सकाळी तीनदा झाला. प्रशिक्षक खुशीत होते ते यासाठीच.

तिसऱ्या वेळी तीनशे फुटांवर, नाक अजून आभाळाकडे असताना, प्रशिक्षकांनी न सांगता केबल सोडली. विंचवर चढताना नाक इतकं वर असतं की ओढ थांबली की वेग दोन-तीन सेकंदांत पडतो. म्हणून आधी नाक खाली, मग वेग बघायचा, आणि विचार त्यानंतर. हे मला तोंडपाठ होतं. तरी त्या क्षणी पोटात खड्डा पडला. नाक खाली घातलं, वेग आला, समोर पुरेसं मैदान शिल्लक होतं, सरळ उतरले. दोन मिनिटं. ते फक्त ‘पुन्हा’ एवढंच म्हणाले.

आता चांदणीची गोष्ट. चौथ्या उड्डाणासाठी मी पट्टे आवळून बसले होते, केबल लावली होती, पंख धरायला मुलगा उभा होता. तेवढ्यात ते उरुळीच्या बाजूला बघत राहिले. पूर्वेला क्षितिजालगत मातकट रेघ उठली होती. आमच्याकडे पश्चिमेचा वारा शांतपणे वाहत होता, पाऊस कुठंच नव्हता. त्यांनी हात पुढे केला, मूठ ओढून केबल सोडली आणि म्हणाले, “उतर. हँगर.”

मला रडू येण्याइतका राग आला. पाच मिनिटांचं तर उड्डाण, तेवढ्यात काय होणार होतं? पण आम्ही ग्लायडर ढकलत निघालो. हँगरच्या दारापाशी पोचतो न पोचतो तोच वारा थांबला, आणि मग पूर्वेकडून असा आला की पंखांना चौघं लोंबकळलो तेव्हा कुठं ते आत गेलं. वादळी ढगातली गार हवा जमिनीवर आदळून पावसाच्या आधी धावत येते, हे पुस्तकात वाचलेलं होतं. मिनिटं मोजली तर त्या वेळी मी डाउनविंडला असते, हातात इंजिन नाही, आणि उतरताना तोच वारा पाठीवर. मैदानात पसरलेली पोलादी केबल आणि वर विजा, हे वेगळंच.

ती चांदणी त्या न झालेल्या चौथ्या उड्डाणाची आहे. लॉगबुकात त्याला रकाना नाही, म्हणून तारखेपुढे काढली. तासाभराचं उड्डाण मला गरम हवेनं दिलं होतं. ‘नाही’ म्हणणं मात्र मी त्या ढगाळ रविवारी एका माणसाकडून शिकले.

तेव्हा येत्या शनिवारी ढग असले तरी जा. दुसऱ्यांचे पंख धर, केबल ओढायला मदत कर, उड्डाण बंद करायचं कोण ठरवतं आणि तेव्हा तो कुठं बघत असतो, ते पाहा. आणि मला सगळं लिही: वारा कुठून होता, किती उंचीवर वळलीस, किती मिनिटं झाली. चार असली तरी चालतील. लॉगबुक मी दादाकडून परत आणलं आहे. तू डिसेंबरात आलीस की ते तुझं.

तुझी,
आत्या