हेल्पर की साधा एचटीएमएल?

रेल्सच्या टेम्प्लेटमध्ये साधा डिव्ह काढायलाही 'कंटेंट_टॅग' वापरणारी मंडळी असतात. मला विचाराल तर हा निव्वळ द्राविडी प्राणायाम! तीन अक्षरी टॅगसाठी रुबी कशाला? शिवाय डिझायनरला ती फाइल धड वाचता येत नाही, ते वेगळंच.

पण फॉर्मची गोष्ट निराळी. २०१७ साली रेल्स ५.१ मध्ये आलेला 'फॉर्म_विथ' पोस्ट फॉर्ममध्ये ऑथेंटिसिटी टोकन गुपचूप घालतो. हाताने फॉर्म लिहिताना टोकन राहिलं, तर रेल्स रिक्वेस्ट नाकारतं. मग कुणीतरी वैतागून ती तपासणीच बंद करतं, आणि तुमच्या युजरच्या नावाने परक्या साइटवरून फॉर्म पाठवायला रान मोकळं!

असो. आपण विसरू असं काम हेल्पर करत असेल तर जरूर वापरावा. नुसता टॅगच टाइप करणार असेल, तर आपले हात आहेतच की!