मोफत खेळ आणि मर्यादा

विकास जायसवाल यांनी नवी मुंबईत घडविलेला ‘लुडो किंग’ २०१६ मध्ये आला आणि २०२० च्या टाळेबंदीत शिरूरमध्येही घरोघरी पोहोचला. खेळ मोफत, मिळकत मुख्यतः जाहिरातींची. दौंडचा माझा भाचा असाच खेळ बनवू पाहतो. त्याला मी व्हिएतनामच्या डोंग न्गुयेन यांची हकिकत सांगितली. त्यांचा मोफत ‘फ्लॅपी बर्ड’ अचानक गाजला. दररोज ५० हजार डॉलर मिळत असल्याचे वृत्त होते. लोकांना त्याचे व्यसन जडते, म्हणून फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी तो स्वतःच मागे घेतला. मोफत मालाचे मोल गिऱ्हाईक वेळेने चुकविते. श्रावकाचे परिग्रह-परिमाण व्रत संग्रहाची मर्यादा आधीच ठरवावयास सांगते. ‘ती आजच वहीत लिही,’ असे मी भाच्याला म्हटले.